तीन गव्हर्नर आणि एक शिक्का

आपल्याकडे राज्यपाल निवडून येत नाहीत. ते येतात. कुठल्या तरी दूरच्या राज्यातून, बहुधा उतारवयात. एके दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो आणि मलबार हिलवर त्यांचा मुक्काम पडतो. मग आपण त्यांना पदवीदान समारंभात झग्यात पाहतो, सव्वीस जानेवारीला सलामी घेताना पाहतो, आणि अधूनमधून कोणाला तरी शपथ देताना पाहतो. त्यांना मत देण्याची वेळ आपल्यावर येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचीही येत नाही. निदान पूर्वी येत नसे.

माझा भाचा अमेरिकेत, ॲटलांटाला असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने मला जॉर्जिया राज्याच्या विधानभवनाचा सोन्याचा मुलामा दिलेला घुमट दाखवला आणि म्हणाला, ''मामा, इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री. लोक थेट निवडून देतात. चार वर्षांसाठी एकच. फोडाफोडी नाही, रिसॉर्ट नाही. एकदम सुटसुटीत.''

भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यामुळे मी त्याला क्षमा केली. कारण ज्या घुमटाखाली उभा राहून तो हे बोलत होता, त्याच घुमटाखाली १९४७ सालच्या जानेवारीत जॉर्जियाला एकाच वेळी तीन गव्हर्नर होते. एक आत बसलेला, एक बाहेर काढलेला आणि एक आपला नंबर लागावा म्हणून कायद्याचे पुस्तक उघडून उभा. आणि राज्याचा शिक्का एका चौथ्याच गृहस्थाच्या खाली होता. 'खाली' म्हणजे अक्षरशः खाली. ते पुढे येईलच.

या कथेचा मूळपुरुष युजीन टॅल्मज. जॉर्जियाच्या लाल मातीतला वकील आणि शेतकरी. लाल गॅलिस लावायचा, सभेत कोट काढून ते ताणायचा, आणि गावोगावचे शेतकरी खूश व्हायचे. हल्लीच्या वाचकांना गॅलिस म्हणजे काय ते आजोबांना विचारावे लागेल; पॅन्ट खाली येऊ नये म्हणून खांद्यावरून घ्यायचे पट्टे. गव्हर्नरच्या बंगल्याच्या हिरवळीवर त्याने गाय चारली होती. लोक त्याला 'जीन' म्हणत, आणि तीनदा गव्हर्नर करून झाले होते. मध्ये १९४१ साली त्याने विद्यापीठाच्या कारभारात हात घातला, काळ्यागोऱ्यांना एकत्र शिकवण्याचा विचार करतो अशा संशयावरून एका अधिष्ठात्याला घालवले, आणि त्यापायी राज्यातल्या सरकारी कॉलेजांची मान्यताच गेली. आपल्या मुलांच्या डिग्रीला किंमत उरणार नाही म्हटल्यावर मध्यमवर्ग जगात कुठेही जागा होतो. १९४२ साली जीन पडला आणि एलिस आर्नल नावाचा तरुण वकील गव्हर्नर झाला. या आर्नलने मतदानाचे वय अठरावर आणले, मत देण्यासाठी भरावा लागणारा कर रद्द केला आणि १९४५ साली राज्याला नवी घटना दिली. त्या घटनेत उपगव्हर्नर हे नवे पदही निर्माण केले. ते लक्षात ठेवा. नव्या घरातली ही एक खोली पुढे फार उपयोगी पडली.

१९४६ साली जीन पुन्हा उभा राहिला.

त्या काळच्या जॉर्जियात खरी निवडणूक नोव्हेंबरात होत नसे. रिपब्लिकन पक्ष तिथे नावालाच होता, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची जी अंतर्गत निवडणूक, प्रायमरी, उन्हाळ्यात होई, ती जिंकला तो गव्हर्नर. नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे साखरपुड्यानंतर ठेवलेला मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. आणि या प्रायमरीत वर्षानुवर्षे फक्त गोऱ्यांनी मत द्यायचे अशी चाल होती. पक्ष म्हणजे खासगी क्लब आहे, सभासद कोण हे आम्ही ठरवू, हा युक्तिवाद. ४ जुलै १९४४ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, कोलंबस गावात प्रायमस किंग नावाचा एक काळा न्हावी, धर्मोपदेशकाचेही काम करणारा, मत द्यायला गेला. त्याला बाहेर काढण्यात आले. तो तडक वकिलाकडे गेला आणि खटला जिंकला. १९४६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हात घालायला नकार दिला, आणि गोऱ्यांची प्रायमरी संपली. लाखाहून अधिक काळ्या माणसांनी मतदार म्हणून नावे नोंदवली. पुष्कळांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

जीनच्या प्रचाराला एवढा मुद्दा पुरला. मी आलो की गोऱ्यांची प्रायमरी परत आणतो, असे तो गॅलिस ताणून सांगू लागला. त्याच्या माणसांनी गावोगावच्या याद्यांतल्या काळ्या नावांवर हरकती घेण्याचा सपाटा लावला आणि हजारो नावे गाळून टाकली.

१७ जुलैला प्रायमरी झाली. जीनच्या विरुद्ध जेम्स कारमायकेल, युद्धात मॅरिएटाचा विमानांचा प्रचंड कारखाना चालवलेला गृहस्थ. कारमायकेलला मते पडली तीन लाख तेरा हजारांवर, जीनला दोन लाख सत्त्याण्णव हजारांवर. निकाल: जीन टॅल्मज विजयी.

छापण्यात चूक झालेली नाही. जॉर्जियात मते मोजत नसत, काउंट्या मोजत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढा प्रकार. अशा एकशे एकोणसाठ. सगळ्यांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा 'युनिट', पुढच्या तीसांना चार आणि उरलेल्या एकशे एकवीसांना दोन. ज्याला काउंटीत जास्त मते, त्याच्या खिशात तिची सगळी युनिटे. आता ॲटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत, तिला सहा. आणि एकोल्स नावाच्या, जिथे माणसांपेक्षा पाइनची झाडे जास्त, तिला दोन. पुढे १९६० च्या जनगणनेवरून न्यायालयाने हिशेब मांडला तेव्हा फुल्टनच्या एका युनिटमागे ९२,७२१ माणसे होती आणि एकोल्सच्या एका युनिटमागे ९३८. म्हणजे एका एकोल्सकराचे वजन जवळजवळ शंभर ॲटलांटाकरांइतके. जीन तर अभिमानाने सांगे, की जिथे ट्राम धावते अशी काउंटी जिंकण्याची मला गरजच नाही. त्याला २४२ युनिटे मिळाली, कारमायकेलला १४६.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगायलाच हवी. टेलर नावाच्या काउंटीत मेसिओ स्नाइप्स नावाचा एक काळा माणूस होता, महायुद्धात सैन्यात राहून परत आलेला. १७ तारखेला त्याने मत दिले. त्याच्या केंद्रावर मत देणारा काळा माणूस तो एकटाच. १८ तारखेला काही गोरे त्याच्या दारात आले, त्याला बाहेर बोलावले आणि गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी तो गेला. गोळी घालणाऱ्याने स्वसंरक्षण म्हणून सांगितले आणि ते मान्य झाले. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका काउंटीत पुलाजवळ दोन काळ्या जोडप्यांना जमावाने मारले. त्या ऑगस्टमध्ये ॲटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजातल्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

नोव्हेंबरात जीन ठरल्याप्रमाणे निवडून आला. समोर नाव घेण्याजोगे कोणी नव्हतेच. फक्त एक अडचण होती. त्याचे यकृत कामातून गेले होते, आणि त्याच्या जवळच्या मंडळींना ते ठाऊक होते. बरे, माणूस निवडून आल्यावर आणि शपथ घेण्याआधी गेला तर काय करायचे? मंडळींनी घटना उघडली. वकिलाने घटना वाचायला घेतली की मला धडकी भरते. सामान्य माणूस घटनेत हक्क शोधतो, वकील फट शोधतो. फट सापडली. कोणालाच बहुमत नसेल, तर हयात असलेल्या पहिल्या दोघांतून विधिमंडळाने गव्हर्नर निवडावा, असे एक कलम होते. 'हयात' या शब्दाने त्यांचे डोळे चमकले असणार. जीन गेलाच, तर दुसऱ्या नंबरचा माणूस आपला हवा. अमेरिकेत मतपत्रिकेवर नसलेले नाव हाताने लिहून मत देता येते. तेव्हा जीनचा तेहेतीस वर्षांचा मुलगा हर्मन, याचे नाव काहीशे लोकांनी गुपचूप लिहावे अशी कुजबुज फिरवली.

२१ डिसेंबरला जीन गेला.

जानेवारीत विधिमंडळाने पाकिटे फोडली. हाताने लिहिलेल्या नावांत कारमायकेलला ६६९ मते निघाली. त्याने ती मागितलीही नव्हती. बॉवर्स नावाच्या रिपब्लिकनाला ६३७. आणि हर्मन? तिसरा! एवढा खटाटोप करून मुलगा तिसरा आला, म्हणजे हयात असलेल्या पहिल्या दोघांत नाहीच. त्या सभागृहात पसरलेली शांतता मला इथे बसून ऐकू येते. आणि मग चमत्कार झाला. टॅल्मज घराण्याच्याच टेलफेअर काउंटीची पन्नासाहून अधिक मते चुकून भलत्याच पाकिटात राहिली होती, ती सापडली. हर्मन ६७५. पहिला!

चुकून राहिलेल्या गोष्टी नेमक्या वेळी सापडण्याचा हा योग माझ्या तरी पत्रिकेत नाही. माझा हरवलेला चष्मा नवा करून आणल्यावर सापडतो.

१५ जानेवारीला, मध्यरात्र उलटल्यावर, विधिमंडळाने १६१ विरुद्ध ८७ मतांनी हर्मनला गव्हर्नर केले आणि लगेच त्याचा शपथविधीही उरकला. अवेळी झालेल्या शपथविधींचे महाराष्ट्राला आता अप्रूप राहिलेले नाही, तेव्हा मी त्यावर भाष्य करत नाही. हर्मनची मिरवणूक गव्हर्नरच्या कचेरीकडे निघाली. आत आर्नल बसलेला. तो म्हणाला, माझा वारस कायदेशीर निवडला जाईपर्यंत मीच गव्हर्नर, घटनेत तसे आहे, आणि घटना मीच करवून घेतली आहे. दाराशी धक्काबुक्की झाली. पण त्या रात्री आर्नल हलला नाही.

पुढच्या रात्री हर्मनच्या माणसांनी कुलपे बदलली. राज्यघटना, विधिमंडळ, न्यायालय या सगळ्यांचा विचार मोठमोठ्या ग्रंथांत आहे, कुलूपवाल्याचा नाही. वास्तविक सत्तांतराच्या इतिहासात त्याला एक प्रकरण द्यायला हवे. सकाळी आर्नल कचेरीत आला तर किल्ली लागेना. बंगलाही गेलेला. मग हा राज्याचा गव्हर्नर घुमटाखालच्या चौकात चौकशीच्या खिडकीत जाऊन बसला आणि तिथून कारभार पाहू लागला. कोणी तरी चौकात फटाका फोडला. दुसऱ्या दिवशी ती खिडकीही टॅल्मजच्या एका आमदाराने बळकावली. आर्नल शहरातल्या आपल्या वकिलीच्या कचेरीत गेला. आणि १८ तारखेला, नवा उपगव्हर्नर मेल्विन थॉम्पसन याचा शपथविधी होताच, आर्नलने राजीनामा दिला. आता थॉम्पसनने शहरात एक जागा घेऊन पाटी लावली: हंगामी गव्हर्नर.

मराठी माणसाला हे नवे नाही. आपण एकाच वेळी सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या सांभाळल्या आहेत, पानिपतावर गेलेल्या भाऊसाहेबांचा तोतयाही अंगावर घेतला आहे. आणि शिक्के-कट्यार कोणाच्या हाती, यावर कारभारी ठरतो हेही आपल्याला कोणी शिकवायला नको. माझ्या सोसायटीतही एके वर्षी दोन चेअरमन होते. दोघांच्या दोन सभा, दोन इतिवृत्ते, दोन सत्यनारायण. पण सोसायटीचा रबरी शिक्का सेक्रेटरीच्या पत्नीने तूरडाळीच्या डब्यात ठेवला होता, आणि त्या वहिनींनी, ''आधी काय ते ठरवा,'' एवढेच दोघांना सांगितले. सव्वा महिना पाण्याच्या टँकरचे बिल निघाले नाही. त्या काळात सोसायटीतले सर्वोच्च पद त्या वहिनींकडे होते असे माझे मत आहे.

जॉर्जियातल्या वहिनींचे नाव बेन फोर्टसन. राज्याचे सचिव. सरकारी कागदावर राज्याचा शिक्का उमटवणे हे त्यांचे काम. शिक्का नसेल तर कागद म्हणजे रद्दी. तरुणपणी झालेल्या मोटारीच्या अपघातापासून ते चाकाच्या खुर्चीत होते. हर्मनची माणसे शिक्का मागायला आली. फोर्टसनसाहेबांनी सांगितले, खरा गव्हर्नर कोण ते न्यायालयाने ठरवले की देतो. माणसांनी कपाटे धुंडाळली, खण उपसले. शिक्का मिळाला नाही. तो फोर्टसनसाहेबांच्या चाकाच्या खुर्चीतल्या उशीखाली होता आणि उशीवर खुद्द फोर्टसनसाहेब. कचेरीतल्या माणसाने खुर्चीला चिकटून राहून राज्याचे कल्याण केल्याचे माझ्या माहितीतले हे एकमेव उदाहरण. दोन महिने तो शिक्का असा ऊब घेत राहिला. आत हर्मन फर्माने काढतो आहे, बाहेर थॉम्पसन काढतो आहे, पैसे कोणाच्या सहीने द्यायचे म्हणून अधिकारी डोके धरून बसले आहेत, आणि मध्ये हा एक गृहस्थ शांतपणे बसून आहे.

१९ मार्च १९४७ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन असा निकाल दिला. तो वाचून मी खुर्चीत मागे टेकून हसलो. न्यायालय म्हणाले, बहुमत नसेल तर विधिमंडळाने निवड करायची; पण जीन टॅल्मजला नोव्हेंबरात बहुमत होतेच की! तो नंतर वारला, म्हणून पडलेली मते वारत नाहीत. तेव्हा विधिमंडळाला निवडीचा अधिकारच नव्हता, आर्नल कायदेशीर होता, आणि त्याच्या राजीनाम्यानंतर उपगव्हर्नर थॉम्पसन हाच हंगामी गव्हर्नर. म्हणजे ६६९, ६३७, ६७५ या आकड्यांना काही अर्थच नव्हता. टेलफेअरच्या पाकिटाची एवढी मेहनत फुकट! हर्मनने, त्याच्या श्रेयासाठी हे सांगितले पाहिजे, त्याच दिवशी कचेरी सोडली. फोर्टसनसाहेब शिक्क्यावरून उठले, म्हणजे निदान शिक्का वर आला.

पण टेलफेअरचे पाकीट एकाने सोडले नव्हते. 'ॲटलांटा जर्नल'चा वार्ताहर जॉर्ज गुडविन निकालाच्या आधीच, मार्चच्या सुरुवातीला, त्या मतांच्या मागावर जाऊन आला होता. हेलेना नावाच्या केंद्रावरची यादी त्याने पाहिली. शेवटची चौतीस माणसे मत द्यायला आली होती ती वर्णानुक्रमे. ए पासून सुरुवात, मग बी, मग सी, असे रांगेत, धक्काबुक्की नाही, पुढे घुसणे नाही. आणि 'के' पाशी रांग संपली. बहुधा लिहिणाऱ्याचा हात दुखला, किंवा तेवढी पुरेशी झाली. गुडविनने या शिस्तप्रिय मतदारांची घरे शोधली. काही गाव सोडून गेले होते. काहींनी सांगितले, आम्ही मत दिलेच नाही. आणि काही स्मशानात होते. या बातमीला १९४८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ती यादी वाचून सगळे हसतात. मीही हसलो. हसता हसता टेलर काउंटी आठवली. हेलेनाच्या मेलेल्या माणसांना मत देताना कोणी अडवले नाही, कोणी त्यांच्या नावावर हरकत घेतली नाही, दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात कोणी आले नाही. स्नाइप्स मत द्यायला गेला तो जिवंत, आपल्या पायांनी, आणि तेवढे त्याला पुरले.

हर्मन टॅल्मज घरी बसला असेल असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही राजकारणी घराणी पाहिलेली नाहीत. १९४८ साली खास निवडणूक झाली, त्यात त्याने थॉम्पसनला रीतसर हरवले, १९५५ पर्यंत गव्हर्नर राहिला आणि मग चोवीस वर्षे वॉशिंग्टनमध्ये सिनेटर. काउंटी युनिटची पद्धत १९६३ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली: एक माणूस, एक मत. एकोल्सकर आणि ॲटलांटाकर शेवटी एका तराजूत बसले.

घटनेतले ते कलम मात्र कोणी खोडले नव्हते. १९६६ साली रिपब्लिकन कॅलवे आणि डेमोक्रॅट लेस्टर मॅडॉक्स यांच्यात लढत झाली. मॅडॉक्स म्हणजे आपल्या हॉटेलात काळ्यांना जेवू घालायचे नाही म्हणून कुऱ्हाडीचे दांडे दाखवून गाजलेला गृहस्थ. त्याच वर्षीच्या प्रायमरीत त्याने म्हाताऱ्या आर्नलला हरवले होते, आणि जिमी कार्टर नावाचा एक भुईमुगाचा व्यापारी तिसरा आला होता. मॅडॉक्स नको म्हणून पन्नास हजारांहून जास्त लोकांनी मतपत्रिकेवर हाताने आर्नलचे नाव लिहिले. ही माणसे हयात होती. परिणाम असा, की कॅलवे तीनेक हजारांनी पुढे राहूनही कोणालाच बहुमत मिळाले नाही, आणि निवड पुन्हा विधिमंडळाकडे. लोक पुन्हा न्यायालयात गेले. खटल्यात पहिले नाव फोर्टसन यांचे. ते अजून सचिव होते, शिक्का अजून त्यांच्याकडेच होता. सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी म्हणाले, विधिमंडळाला निवडू द्या. १९६७ च्या जानेवारीत विधिमंडळाने मॅडॉक्सला निवडले.

या खेपेला कुलपे बदलावी लागली नाहीत.